फेसाळ वाइनची पारख : बागायतदाराने काय पाहावे, काय चाखावे, काय विचारावे

पिंपरी-चिंचवडमधील नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर आणि मंचर करीत नारायणगावला पोहोचतो. चाकणपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. चाकणपासून पुढे पन्नास किलोमीटरच्या आत जुन्नर तालुक्यातील द्राक्षबागा सुरू होतात. याच नारायणगावात १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या शॅम्पेन इंडेज कंपनीने फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाइन (स्पार्कलिंग वाइन) तयार केली. तिची 'ओमर खय्याम' नावाची बाटली परदेशातही विकली गेली. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि वाइन द्राक्षाखालील क्षेत्र वाढले. २०१३ मध्ये 'शाँदाँ' हे फ्रेंच नाव नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या द्राक्षांपासून केलेली फेसाळ वाइन घेऊन भारतीय बाजारात आले.

या वाटचालीची दुसरी बाजूही शेतकऱ्यांना ठाऊक आहे. २००८-०९ नंतर वाइनची मागणी मंदावली, नारायणगावची कंपनी कर्जात अडकून बंद पडली आणि राज्यात अनेकांनी वाइन द्राक्षाच्या बागा काढून टाकल्या. वाइनचे द्राक्ष खाण्यासाठी बाजारात विकता येत नाही. मणी लहान, बिया मोठ्या, साल जाड. त्यामुळे वाइनरीने माल नाकारला की बागायतदारापुढे दुसरा मार्ग राहत नाही. माल नाकारताना 'आम्लता कमी आहे', 'वास बरा नाही', 'रस कडवट आहे' अशी कारणे दिली जातात. ही कारणे खरी आहेत की नाहीत, हे ज्याला कळते तोच बरोबरीने बोलू शकतो. म्हणून फेसाळ वाइन कशी चाखतात, हा विषय हौसेचा वाटला तरी बागायतदाराच्या दृष्टीने तो व्यवहाराचा आहे. पेल्यात जे जाणवते त्यातील बरेचसे बागेत आणि काढणीच्या दिवशीच ठरलेले असते.

एक खुलासा सुरुवातीसच करणे योग्य होईल. चाखणे म्हणजे पिणे नव्हे. जाणकार परीक्षक वाइन तोंडात घोळवून थुंकून टाकतात. शिवाय आपला भाग देहू-आळंदीच्या छायेतला आहे. बागायतदारांमध्ये माळकरी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी वाइन तोंडात घेण्याची गरज नाही. डोळ्यांनी पाहणे, वास घेणे आणि काढणीपूर्वीचा ताजा रस चाखणे एवढ्यावरही या लेखातील बहुतेक गोष्टी साध्य होतात.

ड्राय, ब्रूट आणि साल म्हणजे काय?

बाटलीवर तीन गोष्टी वाचाव्यात : नाव, गोडीचा प्रकार आणि साल.

नाव : 'शॅम्पेन' हे नाव फ्रान्समधील शॅम्पेन या भागात तेथील नियमांनी तयार झालेल्या वाइनचेच आहे. इतर ठिकाणी त्याच पद्धतीने केली तरी तिला फेसाळ वाइन म्हणावे लागते. नागपूरची संत्री हे नाव जसे दुसऱ्या जिल्ह्याच्या संत्र्याला लावता येत नाही, तसेच हे आहे.

गोडीचा प्रकार : ड्राय म्हणजे गोडी न जाणवणारी वाइन. ज्या वाइनमध्ये दर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते तिला 'ब्रूट' म्हणतात. ६ ग्रॅमपर्यंत साखर असल्यास 'एक्स्ट्रा ब्रूट' आणि वरून साखर अजिबात न घालता ३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास 'ब्रूट नेचर'. १५० मिलिलिटरच्या पेल्यात ब्रूटमधील साखर फार तर पावणेदोन ग्रॅम, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी भरते. येथे एका फसव्या शब्दाकडे लक्ष द्यावे. 'एक्स्ट्रा ड्राय' असे लिहिलेल्या बाटलीत १२ ते १७ ग्रॅम साखर असते, म्हणजे ती ब्रूटपेक्षा गोड असते. पूर्वी ही वाइन फारच गोड करीत. इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठी पोमेरी या फ्रेंच कंपनीने १८७४ सालच्या द्राक्षांची ब्रूट वाइन बाजारात आणली, तेव्हापासून बिनगोड फेसाळ वाइनला मान मिळत गेला.

साल : बाटलीवर छापलेले साल हे द्राक्ष काढणीचे साल असते. एकाच हंगामाच्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला 'व्हिंटेज' म्हणजे सालाची वाइन म्हणतात. बहुतेक फेसाळ वाइनवर साल नसते, कारण चव दरवर्षी सारखी राहावी म्हणून तिच्यात मागील वर्षांची राखून ठेवलेली वाइन मिसळतात. हंगाम विशेष चांगला गेला तरच सालाची वाइन करतात. फ्रान्समध्ये छाटणी आणि काढणी एकाच वर्षात होते. आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये फळछाटणी केली आणि जानेवारी २०२४ मध्ये काढणी झाली, तर बाटलीवर २०२४ हे साल येते. मात्र त्या सालाच्या दर्जावर २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसाचा परिणाम झालेला असतो. सालाची वाइन चाखताना खरे तर आपण त्या हंगामाचा हवामान अहवालच चाखत असतो.

बुडबुडे येतात कोठून?

पारख करण्यापूर्वी ही वाइन तयार कशी होते हे थोडक्यात समजून घ्यावे.

१) साध्या वाइनसाठी द्राक्षे २२ ते २४ ब्रिक्सला काढतात. फेसाळ वाइनसाठी मात्र १७ ते १९ ब्रिक्सला, आम्लता दर लिटरला ८ ते १० ग्रॅम असतानाच काढणी करतात. आपल्याकडे शेनिन ब्लाँ, शार्दोने आणि पिनो नोआर ही वाणे यासाठी वापरली जातात. पिनो नोआर काळे द्राक्ष आहे, परंतु त्याचा गर पांढरा असतो. साल न कुस्करता अख्खे घड हलक्या हाताने दाबले तर रस जवळपास पांढराच निघतो.

२) दाब किती द्यावा यालाही मर्यादा आहे. शॅम्पेन भागात ४,००० किलो द्राक्षांपासून २,५५० लिटर रसच घेण्याची मुभा आहे. त्यातील पहिला २,०५० लिटर रस सर्वांत चांगला मानतात. जास्त दाबल्यास सालीचा आणि बियांचा तुरटपणा रसात उतरतो.

३) या रसाचे प्रथम टाकीत किण्वन होऊन सुमारे १० ते ११ टक्के अल्कोहोलची, आंबट आणि बुडबुडे नसलेली वाइन तयार होते.

४) ती बाटलीत भरताना दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. बंद बाटलीत दुसरे किण्वन होते. अल्कोहोल एक-सव्वा टक्क्याने वाढते. तयार झालेल्या कर्बवायूला बाहेर जाण्यास वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो. बाटलीतील दाब ५ ते ६ वातावरण दाबाइतका होतो. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीच्या टायरमध्ये सुमारे ३२ पौंड हवा असते, या बाटलीत ८० पौंडांच्या आसपास. म्हणूनच तिची काच जाड असते व बुचाला तारेची जाळी असते.

५) यीस्टचा गाळ बाटलीतच ठेवून वाइन मुरवतात. शॅम्पेनच्या नियमानुसार साल नसलेली वाइन बाटलीबंद केल्यापासून किमान १५ महिने आणि सालाची वाइन किमान ३ वर्षे ठेवावी लागते. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू विरघळून वाइनला ताज्या पावासारखा वास आणि मऊपणा देतात.

६) शेवटी बाटल्या थोड्या थोड्या फिरवून उलट्या करतात. गाळ मानेत जमा होतो. मान थंड द्रावणात बुडवून गोठवतात व टोपण काढताच गाळाचा गोठलेला गोळा दाबाने बाहेर उडतो. जेवढी वाइन कमी झाली तेवढी थोडी साखर घातलेली वाइन भरून बूच बसवतात. ब्रूट की एक्स्ट्रा ब्रूट हे या शेवटच्या भरणीत ठरते.

दुसरे किण्वन मोठ्या बंद टाकीत करण्याची पद्धतही आहे. त्यात खर्च व वेळ कमी लागतो आणि फळांचा ताजा वास राहतो, पण मुरल्याचा वास कमी येतो. सोड्याप्रमाणे वाइनमध्ये नुसता वायू सोडून केलेला मालही असतो. त्याचा फेस सहसा लवकर ओसरतो.

चाखण्याची तयारी

वाइन ८ ते १० अंश सेल्सिअसला, सालाची मुरलेली वाइन असल्यास १० ते १२ अंशाला चाखावी. अर्धा बर्फ व अर्धे पाणी भरलेल्या बादलीत बाटली अर्धा तास ठेवावी. फार गार केल्यास वास दबतो, कोमट राहिल्यास फेस उसळून वाया जातो. चाखण्याआधी तासभर तंबाखू, पान, बडीशेप व तिखट खाऊ नये. उदबत्ती आणि अत्तर खोलीत नसावे.

पेला वर निमुळता होत जाणारा, पातळ काचेचा असावा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिल्यास फेस मरतो. म्हणून पेला गरम पाण्याने धुऊन स्वच्छ सुती कापडाने पुसावा. पेल्यातील बुडबुडे कापडाच्या अतिसूक्ष्म तंतूंवरून किंवा काचेवरील बारीक खरवडीवरून सुटतात. त्यामुळे एकाच बाटलीतील वाइन दोन पेल्यांत वेगळी दिसू शकते. केवळ बुडबुड्यांवरून निर्णय देऊ नये.

बाटली उघडताना ती कोणाच्याही तोंडाकडे धरू नये. अंगठा बुचावर ठेवून तार सैल करावी, बाटली तिरपी धरावी आणि बूच घट्ट पकडून बाटली फिरवावी. बूच धडाक्याने उडवणे लग्नाच्या वरातीला शोभेल, पारख करताना शोभत नाही. हलका निःश्वास सोडल्यासारखा आवाज आला की बाटली नीट उघडली असे समजावे. पेला तिसरा हिस्साच भरावा.

पारख : चार पायऱ्या

पहिली पायरी, पाहणे. पांढऱ्या कागदावर पेला धरून रंग पाहावा. कोवळ्या वाइनचा रंग फिकट, किंचित हिरवट पिवळा असतो. मुरलेल्या सालाच्या वाइनचा रंग कडबा नुकता वाळल्यावर दिसतो तसा सोनेरी होतो. तीन-चार वर्षांची वाइन तपकिरी झाली असेल तर तिला हवा लागली आहे. वाइन निवळ असावी. बुडबुडे बारीक व सतत वर येणारे असावेत.

दुसरी पायरी, वास. पेला फार न हलवता प्रथम वास घ्यावा, मग हलकेच फिरवून पुन्हा घ्यावा. पहिला वास फळाचा असतो : लिंबू, हिरवे सफरचंद, पेरू, कधी पांढरी फुले. दुसरा वास मुरण्याचा असतो : बेकरीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा, खारीचा, भाजलेल्या बदामाचा. सालाच्या जुन्या वाइनमध्ये मधाचा व भाजलेल्या काजूचा वासही येतो. चांगल्या सालाच्या वाइनमध्ये दोन्ही वास एकत्र नांदतात. फळाचा वास अजिबात नसेल तर वाइन थकली आहे. पावाचा वास अजिबात नसेल तर ती पुरेशी मुरलेली नाही किंवा दुसऱ्या पद्धतीने केलेली आहे.

तिसरी पायरी, चव. लहान घोट घेऊन जिभेवर सर्वत्र फिरवावा. येथे चार गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. आंबटपणा : जिभेच्या कडांना पाणी सुटावे, पण दात आंबू नयेत. गोडी : ब्रूटमध्ये ती वेगळी जाणवू नये, केवळ आंबटपणाची धार बोथट करण्यापुरती असावी. फेस : तोंडात साईसारखा मऊ पसरावा, बाटलीबंद सोड्यासारखा टोचू नये. तुरटपणा : अगदी थोडा चालतो, परंतु जीभ कोरडी खरखरीत पडल्यास दोष समजावा.

चौथी पायरी, मागे उरणारी चव. घोट थुंकल्यानंतर चव किती वेळ टिकते हे मनात आकडे मोजून पाहावे. तीन-चार आकड्यांत चव संपली तर वाइन साधारण आहे. दहाच्या पुढे स्वच्छ चव राहिली तर उत्तम आहे. शेवटी कडवटपणा वर येतो का, तेही पाहावे. साल चांगले होते की नाही, याचा कस बहुधा या चौथ्या पायरीवर लागतो.

वाइन न चाखता जिभेला सराव

पुढील साधे प्रयोग घरातील सर्वांना करता येतात.

प्रयोग १ : एक लिटर पाण्यात १० ग्रॅम साखर विरघळवावी. दुसऱ्या एक लिटर पाण्यात १० ग्रॅम साखर व ६ ग्रॅम खाण्याचे टार्टारिक आम्ल विरघळवावे. पहिल्या पाण्याची गोडी कळते. दुसऱ्यात साखर तितकीच असूनही पाणी आंबट लागते. ब्रूटमध्ये साखर का जाणवत नाही, हे यावरून समजते.

प्रयोग २ : बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा दहा मिनिटे उकळून गार करावा व चाखावा. जिभेला जो कोरडेपणा येतो तो तुरटपणा. आता कारल्याच्या रसाचा एक थेंब चाखावा. तो कडूपणा. या दोहोंत अनेकांची गल्लत होते.

प्रयोग ३ : हा सर्वांत महत्त्वाचा आहे. काढणीच्या अपेक्षित तारखेआधी पंधरा दिवसांपासून दर तीन दिवसांनी बागेतील १०० मणी गोळा करावेत. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले व खालचे, उन्हातले व सावलीतले मणी घ्यावेत. रस काढून रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स मोजावा. आम्लतेसाठी १० मिलिलिटर रसात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाकून टिकाऊ फिकट गुलाबी रंग येईपर्यंत ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. लागलेल्या प्रत्येक मिलिलिटरला ०.७५ ने गुणावे. १२ मिलिलिटर द्रावण लागल्यास आम्लता दर लिटरला ९ ग्रॅम झाली. हे द्रावण दाहक असल्याने पिपेट तोंडाने ओढू नये व मुलांना जवळ येऊ देऊ नये. उरलेला रस चाखून चव वहीत शब्दांत लिहावी : 'कच्चा, पाल्यासारखा', 'लिंबासारखा', 'सफरचंदासारखा', 'मधासारखा, सपक'. दोन हंगामांत वहीतील आकडे आणि शब्द यांची सांगड बसते, आणि मग मणी तोंडात टाकल्याबरोबर काढणीचा दिवस जवळ आला की नाही याचा अंदाज येऊ लागतो.

पेल्यातील दोष आणि त्यांचे मूळ

१) सपक, धार नसलेली चव : काढणी उशिरा झाली. जानेवारीतील थंड रात्री संपून दिवस तापू लागले की मण्यातील मॅलिक आम्ल झपाट्याने कमी होते. फेसाळ वाइनच्या द्राक्षाला त्या काळात तीन-चार दिवसांचा उशीरही महाग पडतो.

२) कच्च्या पाल्याचा वास व दात आंबवणारी चव : काढणी फार लवकर झाली, किंवा पानांचा पसारा दाट राहून घड सावलीत राहिले.

३) तुरट-कडू शेवट : घड उन्हाने भाजले, किंवा वाइनरीत रस जास्त दाबून काढला. यापैकी पहिले कारण बागायतदाराचे, दुसरे वाइनरीचे. ताज्या रसाची नोंद असेल तर दोष कोणाचा, हे सांगता येते.

४) कापलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास : हवा लागली. क्रेट उन्हात राहिले, तळचे घड चेंगरून रस गळला, किंवा बाटलीचे बूच सैल आहे.

५) व्हिनेगरचा किंवा नखांच्या रंगाचा वास : फुटलेले, कुजलेले मणी निवडून काढले नाहीत.

६) सडक्या अंड्याचा वास : काढणीच्या तोंडावर गंधकाची फवारणी झाली, किंवा किण्वनात यीस्टला नत्र कमी पडले. भुरीसाठी गंधक वापरावे लागते, परंतु काढणीपूर्वी तीन-चार आठवडे ते बंद करावे.

७) ओल्या गोणपाटाचा, तळघराचा वास : दोष बहुधा बुचातील बुरशीजन्य द्रव्याचा. याच्याशी बागेचा संबंध नाही.

८) उकडलेल्या कोबीचा वास : बाटली उजेडात राहिली. दुकानाच्या काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली अनेक महिने उभ्या असलेल्या पांढऱ्या काचेच्या बाटल्यांत हा दोष येतो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बाटलीही मे महिन्यात खराब होते. बाटली अंधारात, १२ ते १५ अंशांत ठेवावी.

यातून काढणीचे नियम आपोआप निघतात. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी घड तोडावेत. लहान क्रेट वापरावेत व ते काठोकाठ भरू नयेत. क्रेट सावलीत ठेवावेत आणि माल काही तासांत वाइनरीत पोहोचवावा. मणी फुगवण्यासाठी खाण्याच्या द्राक्षाला वापरतात ती जिबरेलिक ॲसिडची फवारणी या वाणांना करू नये. लहान मणी हा येथे दोष नाही.

करार करताना

फेसाळ वाइनच्या मालाचा दर साध्या वाइनप्रमाणे केवळ ब्रिक्सवर ठरवणे बागायतदाराला नुकसानकारक आहे. १८ ब्रिक्सला माल तोडायला सांगायचा आणि २२ ब्रिक्सच्या तक्त्याने पैसे द्यायचे, हे न्यायाचे नाही. म्हणून करारात पुढील बाबी स्पष्ट लिहून घ्याव्यात :

• द्राक्षे फेसाळ वाइनसाठी की साध्या वाइनसाठी, आणि दोन्हींचे वेगळे दर.
• ब्रिक्स आणि आम्लता या दोहोंची खालची व वरची मर्यादा.
• काढणीची तारीख कोण ठरवणार, आणि वाइनरीने तारीख पुढे ढकलल्यास आम्लता घटल्याची जबाबदारी कोणाची.
• नमुना घेताना बागायतदार हजर असावा, व त्याच नमुन्याचा अर्धा भाग त्याला मिळावा.
• माल नाकारल्यास कारण लेखी द्यावे.
• पैसे देण्याची मुदत.

वाण, खुंट, छाटणीची वेळ आणि फवारणीबाबत पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. वाइनरीने वेल लावण्याचा आग्रह धरला तरी लेखी करार हाती येईपर्यंत एक ओळही लावू नये. २००८-०९ नंतरच्या वर्षांनी हा धडा पुरेशा किमतीला शिकवला आहे.

शेवटी

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात देशी-परदेशी तंत्रज्ञ आले, हॉटेले वाढली, आणि वाइनचे गिऱ्हाईक आपल्या बागांपासून तास-दोन तासांच्या अंतरावर आले. या गिऱ्हाइकाला बाटलीची किंमत कळते. त्या बाटलीतील आंबटपणा कोणत्या पहाटे, कोणत्या ब्रिक्सला तोडलेल्या घडाचा आहे, हे मात्र बागायतदारालाच सांगता येईल. कारखान्यात सुट्या भागाचे माप घेण्यासाठी गेज लागतो आणि ते मोजणाऱ्याचा शब्द मानला जातो. द्राक्षाच्या बाबतीत रिफ्रॅक्टोमीटर, आम्लतेची नोंदवही आणि सरावलेली जीभ हे आपले गेज आहेत.

वाइन चाखताना राज्यातील परवान्याचे व वयाचे नियम पाळावेत, आणि चाखल्यानंतर त्या दिवशी गाडी चालवू नये. ज्यांना वाइन वर्ज्य आहे त्यांनी प्रयोग ३ येत्या हंगामात अवश्य करावा. शंभर मणी, एक वही आणि तीन दिवसांचा नेम एवढेच त्याला लागते. पुढच्या जानेवारीत वाइनरीच्या फाटकावर कोणी 'आम्लता कमी आहे' असे म्हणाले, तर ती वही उघडून त्या दिवशीचा आकडा दाखवावा.